होसकोट्याकडे निघालेले हंडे

१९६६च्या उन्हाळ्यात सत्यवतीबाई सकाळी उठायच्या त्याच दमलेल्या. शहरातल्या चिकपेटेत भावाचं कापडाचं दुकान होतं, घरात कशाची ददात नव्हती. पण पावसानं दगा दिला, त्यांच्या सेवामंडळानं मार्केटामागच्या पटांगणात गंजीचे, म्हणजे पातळ पेजेचे, तीन हंडे चढवले, आणि तेव्हापासून बाईंचा सगळा दिवस त्या धुरात जाऊ लागला.

होसकोट्याच्या पलीकडच्या खेड्यांतून माणसं चालत यायची. बैल विकून, भांडी विकून, पेरणीचं बियाणंसुद्धा शिजवून खाऊन झालं की मगच गाव सोडायची. पोचायची तेव्हा रांगेत उभं राहायचंही त्राण उरलेलं नसायचं.

एका सकाळी मुनियम्मा नावाची बाई आली. कडेवरच्या पोरानं मान टाकली होती. सत्यवतीबाईंनी चमच्यानं गंजी भरवून पाहिली, ती ओठांतून परत ओघळली. दुपार व्हायच्या आत पोर गेलं. मुनियम्मा रडली नाही. कानडीत एवढंच म्हणाली, "अक्का, हीच गंजी गावात मिळाली असती तर मी कशाला निघाले असते?"

बाईंनी हात धुतले आणि तडक मंडळाचे अध्यक्ष नरसिंहराव यांचं घर गाठलं. ते निवृत्त इंजिनिअर, स्वभावानं सावध.

"अण्णा, हंडे गावात न्यायला हवेत. इथवर पोचेतो माणसं संपलेली असतात."

"तालुका दुष्काळी म्हणून जाहीर तरी होऊ दे, अक्का. आणि नेणार कशातून? गेल्या वर्षी लढाईसाठी नेलेल्या लॉऱ्या अजून परतल्या नाहीत."

"बसच्या टपावरून नेऊ."

"आणि पटांगणात बसलेत त्यांचं काय? धान्य आहे तेवढंच आहे. तिकडं द्यायचं म्हणजे यांच्या तोंडचं काढायचं."

वाटेत बाई नेमका हाच विचार टाळत आल्या होत्या. त्या खुर्चीत बसल्या. "यांच्या तोंडचं निघेल, खरं आहे," त्या म्हणाल्या. "पण गावं अशीच ओस पडत गेली तर ही रांग वाढतच जाईल. मग कुणालाच पुरणार नाही."

नरसिंहरावांनी चष्मा काढून डोळे चोळले. तेही थकले होते. "सरी, ठीक आहे," ते म्हणाले, "दोन हंडे न्या. एक इथं राहू दे, आजाऱ्यांना आणि पोरांना."

रांगेला सांगायचं काम बाईंवरच आलं. एका म्हाताऱ्यानं हातातलं टमरेल त्यांच्या पायाशी फेकलं. "मग आम्ही काय करायचं?" बाईंनी ते उचलून त्याच्या हातात दिलं.

मुनियम्मा वाट दाखवायला बरोबर आली. तिच्या गावात देवळासमोर चूल मांडली, गंजी शिजली, पण पहिल्या दिवशी कुणी फिरकलंच नाही. फुकटचं खायची लाज. शेवटी मुनियम्माच दारोदार गेली. "इथं खायला नव्हतं म्हणून मी निघून गेले," ती प्रत्येक दारात सांगत होती. "आणि पोर गमावून एकटी परत आले." दुसऱ्या दिवशी बायका पोरांना घेऊन आल्या, त्यांच्या मागोमाग बाप्ये आले. "बैल विकू नका," बाई एकेकाला सांगत. "पोटाचं इथं बघू." काहींनी तरीही विकलेच. काही घरांना कुलपं लागली. पण बरीचशी माणसं राहिली, आणि पेरणीच्या वेळी त्यांच्या गोठ्यात बैल होते.

मधल्या काळात पटांगणातली दोन म्हातारी माणसं गेल्याचं कळलं. त्यांत तो टमरेलवाला होता की नाही, हे विचारायचं धाडस बाईंना झालं नाही. ते हंडे तिथंच राहिले असते तर, हा प्रश्न मात्र रोज चूल पेटवताना त्यांच्या मनात यायचा.

श्रावणाच्या सुमाराला नरसिंहराव गाव बघायला आले. गल्लीत पोरं खेळत होती, कुणी जातं ओढत होतं. ते सगळीकडे फिरले आणि जरा बुचकळ्यात पडून म्हणाले, "अक्का, इथं दुष्काळ होता असं वाटतसुद्धा नाही. मंडळापुढं दाखवू तरी काय?"

बाई देवळाच्या पायरीवर बसल्या होत्या. हसू आलं, पण हसायचेही श्रम नको वाटले. पलीकडे आनेकलच्या बाजूच्या एका गावातली माणसं आपल्याकडेही हंडा मागायला सकाळपासून ताटकळत उभी होती. तिकडे अजून कुणी गाव सोडलं नव्हतं.

"काही दाखवू नका," बाई म्हणाल्या. "एक हंडा मात्र आणखी मिळाला तर बघा." मग गुडघ्यावर हात टेकून त्या उठल्या आणि त्या माणसांकडे गेल्या.