पलंगाखालचा ओलीस

मी पलंगाखालून बोलतोय. दचकू नका, मी उंदीर नाही आणि चोरही नाही. मी एका जुन्या, अवजड मोटारीचा प्रोपेलर शाफ्ट. म्हणजे गिअरबॉक्सचा जोर मागच्या चाकांपर्यंत पोचवणारा लांब लोखंडी दांडा. सगळं आयुष्य गाडीच्या पोटाखाली गेलं. आकाश मी कधी पाहिलं नाही, पण रस्त्याबद्दल मला कुणी शिकवू नये.

गाडीला सगळे हत्तीण म्हणत. ती बेकरीच्या दारात उभी राहिली की समोरचा न्हावी ओरडायचा, "काका, माझं दुकान तुमच्याकडे कललं." मी खालूनच बघत होतो, थोडं कलायचं.

मालक बेकरीवाले. पाव, बिस्किटं, केक घेऊन गावभर फिरायचे. पुढच्या सीटवर केकचा खोका, कारण तिथे धक्के कमी. त्यांची बायको, म्हणजे आमच्या बाई, मागे. मांडीवर बिस्किटांचा ट्रे.

"केक पुढे आणि बायको मागे," बाई म्हणायच्या. "लग्न नक्की कुणाशी केलंय, ते कळतं."

"केक बिघडला की टाकून द्यावा लागतो," मालक म्हणायचे. "तू बिघडलीस तरी घरी नेता येतं."

अशी सगळी वर्षं गेली. मग मालकांना झटका आला आणि डावा पाय निकामी झाला. बेकरी बंद पडली. हत्तीण अंगणात उभी राहून राहून अशी रुसली की इंजिनच जाम झालं. पण मालक हरणाऱ्यातले नव्हते. "हिला क्लच नाही, गिअर आपोआप पडतात," ते म्हणाले. "हिला डावा पाय लागत नाही आणि मला तो उरला नाही. आमचं जमतंय." एकच गोष्ट त्यांच्या मनात होती. केक नाही, पाव नाही. बाईंना पुढे बसवायचं आणि तळ्यापर्यंत फेरी मारून आणायची.

त्यासाठी आधी गाडी गॅरेजपर्यंत ओढत न्यायला हवी होती. जावई ट्रक आणि दोर घेऊन हजर. "न्यूट्रलला टाकतो बाबा, बघता बघता पोचवतो."

"आणि मागची चाकं फिरली की शाफ्ट फिरणार, शाफ्टबरोबर गिअरबॉक्सची आतडी फिरणार," मालक खुर्चीतून म्हणाले. "इंजिन बंद म्हणजे आतला तेलाचा पंप बंद. सगळं कोरडं घासून जळेल. गाडी पोचेल रे, पण गिअरबॉक्सची राख घेऊन."

"मग करू काय?"

"शाफ्ट काढायला सांग. आणि दोर नको, ताठ लोखंडी बार लाव. इंजिन बंद असलं की हिचा ब्रेक दगडासारखा होतो. उतारावर ही तुझ्या ट्रकच्या मांडीत येऊन बसेल."

गॅरेजचा मिस्त्री येऊन गाडीखाली शिरला. बोल्ट सुटले आणि मी जन्मात पहिल्यांदा हत्तिणीपासून वेगळा झालो. तो मला डिकीत ठेवणार, इतक्यात मालक म्हणाले, "तो इथेच राहू दे. माझ्या पलंगाखाली, ओलीस. म्हणजे गाडी परत आणावीच लागेल."

"काका, आम्ही काय दरोडेखोर आहोत?"

"तू नाहीस रे. जावई सोबत आहेत म्हणून."

सगळे हसले, जावई जरा कमी. हत्तीण बारच्या आधाराने हळूहळू गल्लीबाहेर गेली. गिअरबॉक्सला ओरखडाही आला नाही. माझ्यावाचून ती सुखरूप पोचली.

पुढे एका संध्याकाळी मिस्त्रीचा फोन आला. त्याने फोन सुरू झालेल्या इंजिनाजवळच धरला होता. मालकांनी डोळे मिटून ऐकलं. मीही ऐकलं.

"सकाळी शाफ्ट न्यायला येतो, काका."

फोन ठेवून ते बाईंना म्हणाले, "परवा तू पुढे बसायचंस."

"आणि केक?"

"केकला म्हणावं, चालत ये."

बाई इतक्या हसल्या की पलंग हलला.

सकाळी मिस्त्री आला, आणि दारातली गर्दी बघून चपला काढून तिथेच उभा राहिला. रात्रीतून मालक गेले होते. मला न्यायची गोष्ट त्या दिवशी कुणी काढली नाही.

गाडी जावयाने विकली. घेणाऱ्याने शाफ्ट मागितला तेव्हा बाई पलंगावरच बसल्या होत्या, माझ्यापुढे पाय सोडून. "सापडत नाही," त्या म्हणाल्या. त्याने नवा बनवून घेतला.

माणूस चांगला. एकदा हत्तीण घेऊन दारात आला. "पुढे बसा बाई, तळ्यापर्यंत जाऊन येऊ." बाई गेल्या. माझ्या जागी कुणीतरी दुसराच फिरत होता, तो आवाज मी लांब जाईपर्यंत ऐकला. परत आल्यावर तो माणूस दारात बाईंच्या मुलीला हळूच सांगत होता, "मी पुढचं दार उघडलं होतं. त्या मागेच बसल्या. मांडीवर दोन्ही हात असे आडवे धरून, काही सांडेल की काय असं."

परवा झाडताना मुलीचा झाडू माझ्यावर आपटला. "आई, हे भंगारात देऊ का गं?"

"राहू दे. ओलीस आहे तो."

"कुणासाठी, आई?"

बाई खाली वाकल्या. पदराने माझ्यावरची धूळ पुसली आणि मला परत आत सारलं.

तुमच्याकडे अशी जड, आपोआप गिअर पडणारी गाडी असेल आणि ओढून न्यायची वेळ आली, तर माझ्यासारख्याला जरूर काढून ठेवा. गाडी वाचते. फक्त परत लावायला उशीर करू नका.