पालक पाहिजे

बुधवारी सकाळी फ्रिजच्या दारावर चिठ्ठी दिसली आणि धम्मपालला इतका आनंद झाला की त्यानं ती दोनदा वाचली. वहीच्या पानाचा तुकडा, त्यावर पायलचं गोल अक्षर. ‘मामा, शनिवारी सकाळी ९ वाजता शाळेत पालक पाहिजे. नक्की.’ ‘पाहिजे’च्या पुढं एक अक्षर खोडरबरानं घासून काढलेलं होतं आणि कागद तिथं जरा झिजला होता. त्याकडं त्यानं लक्ष दिलं नाही. द्यायला हवं होतं, पण हॉटेलात शंभर पेस्ट्र्यांतली एक वाकडी लांबून ओळखणाऱ्या या गड्याला घरातलं नाकासमोर आलं तरी दिसत नाही.

आनंद कशाचा, तर पोरीनं काहीतरी मागितलं याचा. चार महिन्यांत तिनं काही म्हणजे काही मागितलं नव्हतं. आणि का, ते त्याला पक्कं ठाऊक होतं.

पायल त्याच्या बहिणीची मुलगी. बहीण दोन वर्षांपूर्वी काविळीनं गेली. तिच्या नवऱ्यानं वर्षाच्या आत दुसरं लग्न करून घोटीला नवा संसार मांडला, आणि दहा वर्षांची पायल कपड्यांच्या दोन पिशव्या घेऊन नाशिकरोडला मामाच्या आणि आजीच्या घरी आली. शाळा तेवढी आधीचीच राहिली. धम्मपाल चौतिशीचा, बिनलग्नाचा. या हिवाळ्यात त्याला एक स्थळ चालून आलं. मुलीच्या चुलत्यानं फोनवर विचारलं, घरात ती लहान मुलगी कोण? तर हा शहाणा म्हणाला, ‘भाची आहे. तात्पुरती ठेवलीय आमच्याकडं. पुढच्या वर्षी वसतिगृहात टाकणार.’ वसतिगृहाचा विचार त्या क्षणापर्यंत त्याच्या डोक्यातही नव्हता. फोन ठेवून वळला तर दारात पायल उभी, खांद्याला शिकवणीची पिशवी. तिनं चपला काढल्या, हातपाय धुतले आणि अभ्यासाला बसली. ते स्थळ पुढं बारगळलंच. ‘तात्पुरती’ मात्र घरात राहिलं.

त्या दिवसापासून पायल पाहुण्यासारखी वागायला लागली. आपलं ताट आपण धुवायची. बूट चावायला लागले तरी बोलली नाही. आक्काबाईंना, म्हणजे आजीला, टाचेवरचा फोड दिसला तेव्हा कळलं. धम्मपाल रोज म्हणायचा, आज बोलू. आणि रोज तिच्यासमोर बसला की त्याची जीभ टाळूला चिकटायची. मग तो हॉटेलातून एखादी पेस्ट्री आणून तिच्यापुढं ठेवायचा. ती ‘थँक्यू मामा’ म्हणून खायची. थँक्यू! सख्ख्या मामाला!

आता या घरात पालक कशाला म्हणतात ते सांगायला हवं. धम्मपाल गंगापूर धरणाकडच्या एका हॉटेलात भट्टीवर काम करतो. चहूकडं द्राक्षबागा, गिऱ्हाईक पुण्या-मुंबईचं, त्यामुळं तिथं ग्रीक लोकांचा पालकाचा पाय, म्हणजे सारण भरून भट्टीत भाजायचा इंग्रजी ‘पाय’, होतो. खाली-वर कागदासारखे पातळ पापुद्रे, मधे पालक आणि चीज. नाव त्याचं स्पॅनाकोपिता. पहिल्यांदा त्यानं घरी आणला तेव्हा आक्काबाईंनी ते नाव तीनदा म्हणून पाहिलं आणि चौथ्यांदा वैतागल्या. म्हणाल्या, ‘पालक म्हणा की सरळ. कशाला जिभेला पीळ?’ तेव्हापासून त्या घरात पालक म्हणजे तो पाय. पायलनं त्या दिवशी दोन तुकडे खाऊन ताटलीतला चुरासुद्धा बोटानं टिपला होता. ते फोनच्या आधीचं.

तेव्हा चिठ्ठी वाचून त्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. शाळेत आनंद मेळावा असणार. मुलं घरून पदार्थ नेतात, टेबलं मांडतात. गेल्या वर्षी पायल रिकाम्या हातानं गेली होती, कारण तो ड्यूटीवर होता. या वर्षी तिला पालक पाहिजे. नक्की. झालं, गडी कामाला लागला. विचारायची गरज त्याला वाटली नाही. खरं सांगायचं तर विचारायला जायचं म्हणजे बोलायला बसायचं, आणि ते टाळायला त्याला निमित्तच हवं होतं.

शुक्रवार त्याच्या सुट्टीचा. पायल शाळेत गेली तसा तो ओट्याशी उभा राहिला. हॉटेलात तयार पापुद्रे गोठवलेल्या पाकिटात येतात. घरी ते हातानंच करायचं त्यानं ठरवलं. मैद्यात मीठ, चमचाभर तेल, थोडं व्हिनेगर घालून कोमट पाण्यात मळलं आणि ओल्या फडक्याखाली दोन तास झाकून ठेवलं. तोवर तीन जुड्या पालक निवडला, चिरला, मीठ लावून ठेवला आणि मग मूठ-मूठ पिळून काढला. यात कुचराई चालत नाही. पाणी राहिलं की तळ गिळगिळीत होतो. त्यांचं ते खारं चीज काही घरात नव्हतं. त्यानं पनीर कुस्करून त्यात बांधलेल्या दह्याचा चक्का, मीठ आणि लिंबू घातलं, वर कांद्याची पात आणि मूठभर शेपू. शेपू पाहून आक्काबाई म्हणाल्या, ‘पोरं नाक मुरडतील.’ तो म्हणाला, तिकडं ग्रीसमधे शेपू घातल्याशिवाय चालत नाही. ‘मंग तिकडची पोरं शहाणी असतील,’ म्हातारी म्हणाली आणि लसूण सोलायला लागली, जरी लसूण कुणी मागितला नव्हता.

लाटणं हे खरं काम. गोळा घ्यायचा, कॉर्नफ्लॉवर भुरभुरायचं, पातळ लाटायचं आणि मग दोन्ही हातांच्या पाठीवर घेऊन हलक्या हातानं ताणायचं, खालची चिठ्ठी वाचता आली पाहिजे इतकं. त्यानं खरोखरच पायलची चिठ्ठी खाली धरून पाहिली. पापुद्र्यातून अक्षरं दिसत होती. पालक पाहिजे. नक्की. पहिले दोन फाटले, तिसऱ्यापासून हात बसला. प्रत्येक पापुद्र्यावर पातळ केलेलं लोणी ब्रशनं लावायचं, दुसरा टाकायचा. सहा खाली, मधे सारण, सहा वर. हात चालत होते आणि मनात तो पायलशी बोलत होता. तुला कुठंही टाकणार नाही गं, मी मूर्खासारखा बोललो. लोण्याच्या प्रत्येक हातासरशी एकदा. मनातल्या मनात माफी मागायला काय लागतं?

कच्चा पाय त्यानं झाकून फ्रिजमधे सगळ्यात मागं दडवला. शनिवारी पायल सातलाच शाळेत गेली. जाताना दारात थांबून म्हणाली, ‘मामा, चिठ्ठी वाचलीस ना?’ तो हसून म्हणाला, वाचली, सगळी तयारी आहे. तिचा चेहरा असा उजळला की चार महिन्यांत त्यानं तो तसा पाहिला नव्हता. ती गेल्यावर त्यानं वरच्या पापुद्र्यांना सुरीनं चौकोनी चिरा पाडल्या आणि ओव्हन लावला. पाऊण तासात घरभर लोण्याचा वास सुटला. वरचा थर सोनेरी, फुगलेला, बोट लावलं तर कुरकुरेल असा. सोळा तुकडे. हॉटेलातसुद्धा इतका चांगला कधी झाला नव्हता.

पावणेनऊला तो मोटरसायकल लावून, तुकड्यांचा डबा घेऊन शाळेच्या फाटकाशी पोचला. दहाला हॉटेलात हजर व्हायचं होतं आणि तोवर अख्खं शहर पार करायचं होतं. फाटकाशी गोरक्ष नावाचा शिपाई बसला होता. आत नटूनथटून आलेल्या बायका, इस्त्रीचे शर्ट घातलेले बाप्ये चालले होते. धम्मपालला शाळेच्या आवारात पाय ठेवायला तसंही जड जायचं. नववीतून शाळा सोडलेला माणूस तो.

गोरक्षनं विचारलं, ‘पालक का?’

‘हो, पालकच,’ धम्मपाल डबा वर करून अभिमानानं म्हणाला.

‘मंग जा की आत. सुरू व्हतंय.’

‘नाही हो, मला ड्यूटी आहे. सहावी ब. पायल. तिच्याकडं एवढं पोचवा.’

गोरक्षनं त्याच्याकडं जरा विचित्र नजरेनं पाहिलं, पण डबा घेतला. धम्मपालनं गाडीला किक मारली. वर्ग तिथून वीस पावलांवर होता. हे अंतर त्यानं नंतर कितीदा मोजलं असेल याला गणती नाही.

सव्वाअकराला हॉटेलात त्याचा फोन वाजला. बोलणाऱ्या बाई पायलच्या वर्गशिक्षिका होत्या, हर्षाली मॅडम. आवाज थंड. म्हणाल्या, आमच्याकडं पायलच्या आईचाच नंबर आहे, तो बंद लागतो, तुमचा आज तिच्याकडून घेतला. बहिणीला जाऊन दोन वर्षं झाली होती आणि या पठ्ठ्यानं शाळेत आपला नंबरसुद्धा दिला नव्हता. सभेचे निरोप त्या बंद फोनवर जात राहिले होते.

‘आज पालकसभा होती,’ मॅडम म्हणाल्या. ‘मी मुलांना म्हटलं, आपापल्या पालकांना घेऊन पुढं या. पायल डबा घेऊन पुढं आली. म्हणाली, मामानं पालक पाठवलाय. मुलं हसली. मोठी माणसंसुद्धा हसली. शिपाई सांगतो, तुम्ही फाटकापर्यंत आला होतात. ही थट्टा मुद्दाम केलीत का, एवढंच मला विचारायचंय.’

नाही मॅडम, एवढंच धम्मपाल म्हणाला. हातातली बटरची पिशवी त्यानं तशीच टेबलावर ठेवली, घरी अडचण आहे म्हणून मुकादमाला सांगितलं आणि निघाला. वाटेत प्रत्येक सिग्नलला त्याला तेच दिसत होतं, डबा छातीशी धरून वर्गापुढं उभी असलेली पोर. सकाळी उजळलेला तो चेहरा आठवला आणि त्याला स्वतःची शिसारी आली.

घरी पोचला तर पायल जेवायच्या टेबलाशी गणितं सोडवत होती. डबा समोर होता. आक्काबाई आत पडल्या होत्या.

‘सगळ्यांना आवडलं, मामा,’ ती वहीतून वर न बघता म्हणाली. ‘शेपू कुणाला कळलासुद्धा नाही.’

त्यानं झाकण उघडलं. सोळाच्या सोळा तुकडे जागच्या जागी होते. वाफेनं वरचे पापुद्रे मऊ पडले होते. बारा वर्षांची पोर त्याला सांभाळून घेत होती, आणि ते पाहून त्याला रडू आलं. त्यानं ते लपवलं नाही. खुर्ची ओढून तिच्यासमोर बसला आणि म्हणाला, मॅडमचा फोन आला होता. पायलची पेन्सिल थांबली.

‘मामा ये, असं का नाही लिहिलंस गं?’

तिनं वहीचा कोपरा दुमडला. ‘तू पालक आहेस का, ते मला माहीत नव्हतं,’ ती म्हणाली. ‘फळ्यावर मॅडमनी पालक पाहिजेत असं लिहिलं होतं. मी आधी तसंच लिहिलं. मग त खोडला. बाकीच्यांचे दोन दोन येतात. मला एकच पाहिजे होता.’

त्यानं चार महिने गिळलेलं सगळं एकदाचं बाहेर काढलं, आणि लोणी लावताना मनात किती छान जमलं होतं ते सगळं विसरून, अडखळत काढलं. फोनवर तात्पुरती म्हणालो ते खोटं होतं. लग्न जमावं म्हणून बोललो. तुझ्या आईला कळलं असतं तर तिनं माझं तोंड पाहिलं नसतं. मला लाज वाटते.

पायलनं ऐकून घेतलं. ‘काही हरकत नाही’ असं ती म्हणाली नाही, आणि तेच बरं झालं. तिनं वहीतून घडी घातलेला कागद काढून त्याच्यापुढं सरकवला. शाळेचा छापील फॉर्म. ‘सातवीत याच शाळेत राहणार? होय / नाही.’ खाली ‘पालकाचे नाव’, ‘नाते’, ‘सही’. वर पायलचं नाव तिनं स्वतः लिहिलं होतं, खालचं सगळं कोरं होतं. म्हणजे नऊ वाजता तिला शाळेत हे हवं होतं.

‘आज द्यायचा होता,’ ती म्हणाली. ‘मॅडम म्हणाल्या, सोमवारी चालेल. पण पालकांनी स्वतः यायचं.’

त्यानं होयवर खूण केली, इतकी दाबून की कागदाला भोक पडायचं राहिलं. नाव लिहिलं. नात्यापुढं मामा लिहिलं. सही केली. पायलनं कागद उचलून नीट वाचला, प्रत्येक ओळ, आणि दप्तरात ठेवला. मग डब्यातला एक तुकडा घेऊन खाल्ला. मऊ पडलंय, म्हणाली. ओव्हनमधे परत गरम केलं तर होतं का रे कुरकुरीत? होतं, तो म्हणाला आणि उठून ओव्हन लावला. संध्याकाळी तिघांनी मिळून बारा तुकडे संपवले.

सोमवारी सकाळी तो दूध घ्यायला फ्रिजशी गेला. पायल अजून वेणी घालत होती. दारावर नवी चिठ्ठी होती, त्याच चुंबकाखाली, आणि या वेळी कुठं खोडाखोड नव्हती.

‘मामा, आज सकाळी ९ वाजता शाळेत तू पाहिजेस.’