तोंडावरची हळद

शेजारचा हरिचंद तेलघाणीच्या दारात येऊन उभा राहिला, तेव्हा लोट्यातलं तेल अजून निवळलं नव्हतं. कुरुंद्याहून शिरड शहापूरपर्यंत तीन कोस तो उन्हातून आला होता. बोलायच्या आधी त्याने डोक्याचा रुमाल काढून हातात घेतला. संतरामला तेवढ्यावरून कळलं.

"कवा?" त्याने विचारलं.

"दुपार भरता भरता. रुख्मिणकाकू उशाशी व्हती. तुला दोनदा इचारलं भिकाबाईनं."

"काय इचारलं?"

"तेल आलं का म्हनून."

घाणीवाल्या खाजा मियाने बैल थांबवला. घाणीची करकर बंद झाली.

तेल सकाळीच निघालं होतं. संतराम पहाटे घरची करडई घेऊन निघाला आणि दिवस कासराभर वर आला तोवर खाजा मियाने त्याचा घाणा काढूनही दिला होता. तेव्हाच म्हणाला होता, "ने असंच. घरी निवळंल."

"न्हाई. मागल्या खेपेला गढूळ नेलं तर तिच्या डोळ्यात गेलं. गाळ बसू द्या."

"बायकोच्या तोंडासाठी तीन कोस चालनारा तू पहिलाच," खाजा मिया हसला होता. "आमच्या घरवालीच्या, मलिकाच्या कानावर जाऊ देऊ नको बाबा. बैल सोडून मला जुंपंल ती."

संतरामही हसला होता. ताप उतरला होता, रात्री तिने वाटीभर पेज घेतली होती. घाई कशाची? म्हणून तो भिंतीच्या सावलीला बसून राहिला. सकाळी तसंच तेल घेऊन उठला असता तर दुपारच्या आत घरी होता. हा हिशेब त्याने आता उभ्या उभ्या केला.

भिकाबाई कनेरगावकडची. माहेरी हळद नव्हती, सासरी हळदीशिवाय काही नव्हतं. माघापासून चैतापर्यंत ती मालकाच्या खळ्यावर शिजलेली, वाळलेली हळद घासायला जायची. संध्याकाळी येताना तिच्या भुवया, पापण्या, कानाच्या पाळ्या, सगळं पिवळं. पाण्याने ते जात नाही. पाण्याने फक्त पसरतं. ती करडईचं तेल तळहातावर घ्यायची, गालांवर, नाकाच्या बाजूंनी, कानामागे सावकाश चोळायची, मऊ चिंधीने पुसायची, मग बेसन लावून धुवायची. चिंधी पिवळी व्हायची आणि खालून तिचं सावळं तोंड निघायचं, हनुवटीवर गोंदणाचे तीन ठिपके.

"कोन बघनार हाय?" संतराम चेष्टा करायचा.

"मी बघते ना. बाजारात गेलं की बायका म्हनतात, ही हळदीवरची. माज्या तोंडाच्या आधी मालकाची हळद दिसती."

लेकरू नव्हतं. हे एवढंच एक ती स्वतःसाठी करायची. ताप आला तोही खळ्यावरच. त्या दिवशी तिला उचलून आणलं तेव्हा ती पिवळीच होती. घरातलं तेल संपलं होतं. सहा दिवस ती तशीच पडून होती आणि काल रात्री म्हणाली, "तेल आन. माज्यानं हात उचलत न्हाई, तूच पूस."

संतराम लोटा घेऊन निघाला. दोन्ही हातांनी धरून, सांडू नये म्हणून झपझप पण न पळता. हरिचंद मागे होता. वेशीपाशी येताच तो सरणाच्या लाकडांची सोय बघायला वळला.

अंगणात तिरडी बांधून झाली होती. बायकांनी तिला न्हाऊ घातलं होतं, हिरवं लुगडं नेसवलं होतं आणि तोंडभर हळद लावली होती. इतकी दाट की गोंदण दिसत नव्हतं. मालकाच्या घरून मूठभर हळद आली होती, मान म्हणून.

संतराम गुडघ्यावर बसला. धोतराचा सोगा त्याने लोट्याकडे नेला. रुख्मिणकाकूने त्याचं मनगट धरलं. ती त्याची चुलती. त्याच्या लग्नात हळद तिनेच लावली होती.

"काय करून राहिलास?"

"तोंड पुसतो तिचं."

"अहेव गेली ती. सोन्यावानी गेली. तिची हळद पुसतेत व्हय कुनी?"

"तिनं सांगितलं व्हतं, काकू. तूच पूस म्हनली."

"ते जितेपनीचं. आता ही हळद तुज्या नावाची हाय. नवऱ्यानंच पुसली तर जित्या नवऱ्याची बायको रंडकी करून धाडल्यावानी व्हईल. ते करू नको रे."

काकू रडत होती. तिने मनगट सोडलं नाही. संतरामला सांगायचं होतं की ही माझ्या नावाची नाही, खळ्यावरची आहे, हिनेच तिला खाल्लं. पण तो फक्त म्हणाला, "तिला आवडत न्हाई." काकूने लोटा बाजूला सारला.

मग त्याच्या मनात आलं, बायका मसणवट्यात येत नाहीत. तिथे पुसता येईल.

अग्नीचं मडकं त्यालाच धरायचं होतं, म्हणून त्याने लोटा लाकडं पोचवून आलेल्या हरिचंदच्या हातात दिला. "नीट धर," एवढंच म्हणाला. कशासाठी ते सांगितलं नाही. काकू ऐकेल म्हणून सांगितलं नाही.

ओढ्याकाठी तिला लाकडांवर ठेवलं. छातीपर्यंत लाकडं रचली. तोंड अजून झाकलेलं नव्हतं. संतरामने मडकं खाली ठेवलं आणि हात पुढे केला.

"हरिचंद, लोटा."

हरिचंदने लोटा दिला. तो हलका होता.

"तेल?"

"वतलं की लाकडावर. पायाकडची वली हायेत, म्हनलं बराबर पेट धरतील." मग त्याचं तोंड बघून हरिचंद हळू बोलला, "जाळायलाच आनलं व्हतं ना?"

संतरामने लोट्यात बघितलं. बुडाशी गाळ होता. ज्या गाळापायी तो दुपारपर्यंत बसून राहिला, तोच. त्याने बोटं आत घातली, लोट्याच्या कडांवरून फिरवली, मिळालं तेवढं निपटून काढलं आणि तिच्या हनुवटीला लावलं. हळू चोळलं, जसं ती चोळायची. धोतराच्या सोग्याने पुसलं. सोगा पिवळा झाला. एक ठिपका दिसला, मग दुसरा, मग तिसरा.

त्याने पुन्हा लोट्यात बोटं घातली. काही लागलं नाही. पायाकडच्या लाकडांवर तेलाची ओल चकाकत होती. त्याने तिथे तळहात घासला. लाकडाने तेल पिऊन टाकलं होतं, हाताला नुसती साल लागली.

"संतराम," हरिचंद म्हणाला, "दिवस बुडून राहिलाय."

त्याने मडकं उचललं.

हनुवटी तेवढी पुसून झाली होती. कपाळ, गाल, पापण्या, कानामागचं, सगळं पुसायचं राहिलं.