बस्त्यावची दोरा आवळलेली काठी

बस्त्याव सुतार माणूस वाईट नव्हता, पण संशयी म्हणजे किती संशयी! उत्तनच्या किनाऱ्यावर होड्या बांधायचा. संध्याकाळी हत्यारं मोजून पिशवीत भरायचा आणि अर्ध्या वाटेत पिशवी उघडून पुन्हा मोजायचा. चर्चमध्ये प्रार्थनेला डोळे मिटले तरी एक डोळा किलकिला ठेवायचा. लोक हसायचे. हसोत बापडे, तो म्हणायचा, माझं काही जात नाही ना.

या माणसानं १९३८ साली एक काठी केली. काठी घेऊन धावत यायचं, तिचं टोक खड्ड्यात रोवायचं आणि तिच्या जोरावर आडव्या दांडीवरून पलीकडच्या वाळूत पडायचं, त्या उडीची काठी. मुंबईत गोदीत कामाला असताना त्यानं हा खेळ पाहिला आणि वेडाच झाला. पण बांबूची खोड अशी की भार पडला की तो उभा चिरतो. एकदा बस्त्यावच्या हातातच चिरला आणि बोटभर कामटी तळव्यात घुसली. महिनाभर रंधा धरता आला नाही.

तेव्हा त्याला सुचलं. होडीची डोलकाठी फुटू नये म्हणून आपण तिला दोर आवळतो, मग बांबूलाच काय झालं? गरम सरस लावून तागाचा बारीक दोरा त्यानं पेरापेरांवर असा आवळला की मध्ये नख शिरणार नाही. काठी वाकायची, पण फाटायची नाही. तिच्यावर तो दहा फूट उडाला! मुंबईचे खेळाच्या सामानाचे पारशी व्यापारी मेहेरजी शेठ यांच्या कानावर ही गोष्ट गेली. तुमच्या गावच्या सणाच्या शर्यती बघायला स्वतः येतो, काठी टिकली तर माझ्या दुकानासाठी बनव, असा त्यांचा निरोप आला.

गावात ही उडी मारणारा दुसरा एकच होता. जुजे. होडीवरचा माणूस, बस्त्यावचा लहानपणापासूनचा दोस्त. गेल्या वर्षी त्यानं बस्त्यावला चार बोटांनी हरवलं होतं. सणाच्या दोन दिवस आधी तो घरी आला, काठी हातात घेतली, एक डोळा मिटून तिच्यावरून नजर फिरवली आणि म्हणाला, "भारी चीज हाय रे!" झालं. त्या रात्री बस्त्यावला झोप नाही. एवढं निरखून बघायचं कारण काय?

सणाच्या सकाळी त्यानं काठी बाहेर काढून उजेडात धरली. मधल्या दोन पेरांवरचा दोरा काळपट दिसत होता. शेवटाला तर चक्क गाठ! बस्त्याव गाठ कधीच मारत नसे, दोऱ्याचं टोक आत दाबून टाकायचा. म्हणजे कुणीतरी दोरा सोडला होता आणि पुन्हा बांधला होता. खाली काय केलं असेल? करवतीचा एक बारीक काप पुरे. उडी मारणारा हवेत, काठीचे दोन तुकडे, आणि शेठ बघतायत!

बायकोला विचारायचं? छे! कातरीनला सांगितलं की तासाभरात विहिरीवर बोभाटा. नवा दोरा आवळायलाही वेळ नव्हता, सरस वाळायला दोन दिवस लागतात. मग त्यानं मनाशी डाव आखला. ही काठी जुजेलाच द्यायची. त्यानं कापली असेल तर तो हात लावणार नाही. तोंडावरचा रंग उडेल, आणि सगळ्या गावादेखत चोर सापडेल.

दुपारी किनाऱ्यावर ही गर्दी! शेठ खुर्चीत, पाद्री त्यांच्या शेजारी, बाया लुगडी सावरत वाळूवर बसलेल्या. दांडी साडेनऊ फुटांवर लावली. बस्त्याव आपल्या जुन्या साध्या बांबूवर कसाबसा पलीकडे गेला. मग त्यानं नवी काठी उचलून जुजेपुढे धरली.

"घे. आज तू मार हिच्यावर."

तो जुजेच्या तोंडाकडे टक लावून बघत होता. रंग उडाला नाहीच. जुजेचे डोळे पोरासारखे चमकले.

"खरंच? मना देतंस?" त्यानं काठी छातीशीच धरली. "देव तुझं भलं करो, बस्त्याव!"

बस्त्याव गोंधळला. म्हणजे यानं कापली नाही? की नाटक करतोय? जुजे काठी तोलत मागे मागे गेला. तेवढ्यात कातरीन गर्दीतून नवऱ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "अवो, त्याला का दिली? मी तिला परवा जाळ्यांसंगं झाडाच्या सालीच्या पाण्यात बुडवली, तुमच्यासाठी!"

"काय केलंस?"

"दोरा कुजू नये म्हनून. घरातला कोनता दोरा मी साल लावल्याबिगर ठेवते? दोन पेरांचा सुटून आला, तो मी बांदला परत. चांगली गाठ मारली."

अरे देवा! सालीच्या उकळत्या पाण्यात सरस! होता नव्हता तेवढा सरस धुऊन गेला असणार. बांबू आतून भिजलेला आणि वर नुसती दोऱ्याची शोभा. कोळ्यांच्या घरातली बाई, तिनं आपल्या रीतीनं नवऱ्याचं भलंच केलं होतं.

"जुजे, थांब!" बस्त्याव ओरडला. "मारू नको उडी!"

जुजे थबकला. लोक हसले. कुणीतरी म्हणालं, "आता पोटात दुखाय लागलं याच्या!"

"काठी बिघडली हाय. फाटेल ती!"

"आत्ता दिलीस तेव्हा न्हाय बिघडली?" जुजे चिडला. "मी जास्त उडेन म्हनून भ्यालास. सरक बाजूला."

तो पुन्हा पवित्र्यात उभा राहिला. बस्त्यावनं शेठकडे पाहिलं. काठी त्यांच्यासमोर फाटली की सगळं संपलं. मग तो धावला आणि जुजेच्या हातातून त्यानं काठी हिसकली. लोकांनी हुर्यो केली. आता बोलून कुणी ऐकणार नव्हतं, काठी फाटते हे दाखवूनच द्यायला हवं होतं. त्यानं काठी उचलली, धावला, टोक रोवलं आणि अंग वर झोकून दिलं.

छातीभर उंचीवर गेला आणि काठी कडाडून उभी फाटली. बस्त्याव खड्ड्याच्या काठावर खांद्यावर आदळला. गळ्याजवळचं हाड मोडल्याचा आवाज पहिल्या रांगेतल्या बायांना ऐकू आला.

सगळ्यांच्या आधी जुजे पोचला. त्यानं बस्त्यावचं डोकं मांडीवर घेतलं, कमरेचा रुमाल सोडून हात गळ्यात बांधला.

"ही उडी मी मारली असती, तर मेलो असतो रे," तो म्हणाला. "तुना ठाऊक होतं?"

"सरसाचं न्हाय. ते कातरीननं आत्ता सांगितलं."

"मग देताना काय ठाऊक होतं?"

खोटं बोलता आलं असतं. पण बस्त्यावला वेदनेनं सुचेना.

"वाटलं, तूच कापलीस. कापली असशील तर घेनार न्हायस."

"मी घेतली. हसत घेतली. तेव्हा तरी कळलं ना, मी कापली न्हाय?"

"कळलं."

"मग दुसऱ्यानं कुनी कापली असंल, हे न्हाय मनात आलं? मना जाऊ दिलंस?"

ते बस्त्यावच्या मनात आलंच नव्हतं. सबंध गाव पडलं होतं, पण संशय घ्यायला त्याला एक जुजेच सुचला होता.

जुजेनं त्याला अलगद उचलून बैलगाडीत निजवलं, पाठीखाली गवत सारलं, कातरीनला म्हणाला, "सावकाश ने, वैनी." शेठ गाडीजवळ आले. न फाटलेली पेरं त्यांनी हातात फिरवून पाहिली होती. "जिथे तारो सरस टिकला, तिथे काठी साबूत छे, डिकरा! पाण्यानं न सुटणारा सरस शोध आणि मुंबईला ये," ते म्हणाले. बस्त्यावनं ऐकलंही नाही. तो वाळूवरून दूर चाललेल्या जुजेकडे बघत होता.

"जुजे!" त्यानं होता नव्हता तेवढा जोर लावून हाक मारली. "अरे जुजे!"

हाक मारली आणि जुजे वळला नाही, असं तोवर कधी झालं नव्हतं. त्या दिवशी झालं.