उजवीकडचा खिसा

साल एकोणीसशे बासष्ट. ते पक्कं लक्षात आहे, कारण त्या वर्षी मला अठरावं लागलं, आत्याचे पुढचे दोन दात गेले आणि बाबांचा कोट उलटा झाला.

कोट उलटवणं म्हणजे काय, हे आता माझ्या नातींना सांगावं लागतं. कोटाची वरची बाजू विटली, कोपरं चकाकायला लागली, की अख्खा कोट उसवायचा. प्रत्येक तुकडा पालटायचा, आतली ताजी बाजू बाहेर आणायची आणि पुन्हा शिवायचा. कोट नवा! मात्र हे एकदाच करता येतं. कापडाला तिसरी बाजू नसते.

बाबा एकोणीस वर्षं एकाच ऑफिसात कारकून होते. त्या वर्षी हेडक्लार्कची जागा रिकामी झाली आणि बाबांना मुलाखतीला बोलावलं. मुलाखत घेणारे मोठे साहेब महिन्यापूर्वीच बदलून आले होते. कपड्यांच्या बाबतीत भारी काटेकोर, अशी त्यांची ख्याती. आणि बाबांचा एकुलता एक कोट मूळचा काळा असला, तरी पाठीवर शेवाळ धरल्यासारखा हिरवट झाला होता.

"शिंप्याकडे द्या उलटवायला," आई म्हणाली.

"कोपऱ्यावरच्या? अर्ध्या ऑफिसचे कपडे शिवतो तो. त्याचे हात कापडावर आणि तोंड गावभर. संध्याकाळपर्यंत साहेबांच्या कानावर जाईल."

"मी उलटवते," मी म्हणाले.

आत्या खुर्चीतून म्हणाली, "ऐका! हिने पडद्याचा झगा शिवला तेव्हा मी दोनदा हिला बाजूला सारून खिडकी उघडायला गेले होते."

माझे सगळे कपडे मी घरीच शिवत असे. आईचं जुनं लुगडं कापून माझा झगा, तो आखूड झाला की त्याला खाली पट्टी जोडून पुन्हा माझाच. मला शिवणाच्या वर्गाला जायचं होतं. बाबांनी मात्र टायपिंगचा फॉर्म आणून ठेवला होता. मशीनवरच बसायचं तर निदान टाइपरायटरवर बस, असं त्यांचं म्हणणं.

बाबांनी कोट माझ्या हातात दिला आणि वर बोट केलं. "बये, हा उलटवलेला आहे हे ऑफिसात एकालाही कळलं नाही, तर तुझं नाव शिवणाच्या वर्गात. कळलं, तर सोमवारपासून टायपिंग. आहे कबूल?"

"कबूल."

मी कामाला लागले. मुलाखतीला नऊ दिवस होते. ब्लेडने एकेक टाका कापत कोट उसवला, त्यातच तीन दिवस गेले. प्रत्येक तुकड्यावर खडूने खूण केली, नाहीतर डावी बाही उजवीकडे बसायची. सगळ्यात अवघड होती ती काजं. कोट पालटल्यावर डावीकडची काजं उजवीकडे जातात आणि पुरुषाच्या कोटाची बटणं बायकांसारखी उलट्या बाजूने लागतात. मी कोटातूनच धागे ओढून जुनी काजं रफू केली, वर बरोबर त्याच जागी बटणं लावली आणि डावीकडे नवी काजं केली. म्हणजे रफू बटणांखाली झाकलं! ही युक्ती मला कोणी शिकवली नव्हती. मी स्वतःवरच इतकी खूश झाले, की दिवसभर आत्याला उलट उत्तर दिलं नाही. तिला वाटलं मला ताप आलाय.

मुलाखतीच्या आदल्या दिवशी सकाळी बाबांनी कोट घातला. आई बघतच राहिली. "अगोबाई! लग्नात दिसत होतात तसे दिसताय."

बाबांनी छाती फुगवली आणि पेन खोचायला हात वरच्या खिशाकडे नेला. पेन कापडावरून घसरून खाली पडलं. त्यांनी वाकून उचललं, पुन्हा खोचलं, पुन्हा पडलं.

खिसा उजवीकडे होता.

बाही, कॉलर, काजं, सगळ्याचा विचार केला होता, पण छातीवरचा खिसा कोटाबरोबर गुपचूप पलीकडे जाऊन बसला होता. आणि तो वरून लावलेला नव्हता, कापडात चीर देऊन केलेला होता. बुजवून डावीकडे नवा करायला ना दिवस उरले होते, ना कापडाचा तुकडा.

"उजवीकडे खिसा असलेला माणूस बघितलाय का कोणी?" आत्या म्हणाली. "साहेब आंधळा असेल तरच निभावेल."

"डावरा असेल तर?" आई म्हणाली.

"कोण, साहेब?"

"नाही हो वन्सं. हे! डावऱ्या माणसाला पेन उजव्या खिशातूनच काढायला सोपं पडतं. मोठे साहेब नवीन आहेत. त्यांना काय ठाऊक हे कुठल्या हाताने लिहितात?"

आजही मला हे पटतं की घरातलं खरं डोकं आईचं होतं. आणि हेही, की त्या दिवशी ते डोकं वापरलं नसतं तर बरं झालं असतं.

बाबांनी रजा टाकली आणि डावरं व्हायला बसले. डाव्या हाताने चहाचा कप उचलला, चहा पायावर. डाव्या हाताने भांग पाडला, तो कानापाशी उतरला. सही करायला बसले, तर कागदावर शाईत बुडालेला किडा जीव वाचवायला पळाल्यासारखं दिसत होतं. मी समोर बसून सारखी म्हणत होते, "बाबा, डावा! डावा!" आणि ते माझ्याकडे अशा नजरेने बघत होते, की टायपिंगचा फॉर्म आत्ताच भरतात की काय. दुसऱ्या दिवशी सरावाच्या भरात त्यांनी दाढीही डाव्या हाताने केली आणि हनुवटीवर कागदाचे चार कपटे चिकटवून ते मुलाखतीला गेले.

पुढचा प्रसंग मी पाहिलेला नाही. पण बाबांनी तो नंतर पुढची वीस वर्षं दर पाहुण्याला करून दाखवला, त्यामुळे पाहिल्यासारखाच आहे.

मुलाखत छान झाली. साहेबांनी कोटाकडे एकदा नीट पाहिलं आणि मान डोलावली. मग हजेरीचा कागद पुढे सरकवला. "इथे सही करा."

बाबांनी ऐटीत डाव्या हाताने उजव्या खिशातलं पेन काढलं आणि सही केली. साहेबांनी कागद उचलला, मग बाबांचा जुना अर्ज काढून त्याच्याशेजारी धरला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"ही सही कोणाची?"

"माझीच, साहेब."

"आणि ही?"

"तीही माझीच."

"म्हणजे दोघंजण आहात? एकोणीस वर्षं पगार कोण घेतंय?"

बाबांच्या तोंडचं पाणी पळालं. खोटी सही म्हणजे हेडक्लार्की राहिली बाजूला, असलेली नोकरी जायची वेळ. ते उभे राहिले आणि त्यांनी सगळं सांगून टाकलं. कोट, खिसा, आईची युक्ती, दाढी. शेवटी पुराव्यादाखल कोट काढून आतली हिरवट बाजू दाखवायला अस्तराची शिवण थोडी उसवलीसुद्धा.

साहेब उठून जवळ आले. कोट हातात घेतला, उजेडाकडे नेला, बटणांवरून अंगठा फिरवला. "जुनी काजं कुठे गेली?"

"बटणांखाली, साहेब."

"कोणी केलं हे?"

"मुलीने. घरीच."

साहेबांनी कोट परत दिला आणि ते म्हणाले, "उजव्या हाताने सही करा. आणि आजपासून रोज त्याच हाताने करा. हेडक्लार्कच्या दोन-दोन सह्या चालणार नाहीत."

बाबा उड्या मारतच घरी आले. आई हसून हसून खाली बसली. मी मात्र दारातच उभी राहिले.

"म्हणजे साहेबांना कळलं," मी म्हणाले.

बाबांचा चेहरा पडला. "हो. कळलं खरं. मी शब्द दिला होता. टायपिंग, बये."

"टायपिंग कसलं?" हे आत्या बोलली. आमचा कोणाचा कानांवर विश्वास बसेना. "कोट कुठे पकडला गेला? त्याने तर निरखून बघून मान डोलावली. पकडली गेली ती तुझी सही. पोरीचं काम पास झालं, नापास झालास तू! टायपिंगला तूच जा, दोन्ही हातांनी करायचं असतं ते."

बाबांनी ड्रॉवरमधून तो फॉर्म काढला आणि चार घड्या घालून डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सारला.

तिसऱ्या दिवशी ऑफिसचा शिपाई वर्तमानपत्रात बांधलेलं एक गाठोडं घेऊन आला. "मोठ्या साहेबांनी दिलंय. तुमच्या मुलीलाच द्या म्हणाले, दुसऱ्या कोणाला नाही."

मी माझ्या खोलीत नेऊन सोडलं. आत साहेबांचा करडा कोट होता आणि चिठ्ठी, 'उलटवून हवा.' मी अस्तराची शिवण चार बोटं उसवली आणि थबकले. आतली बाजू बाहेरच्यापेक्षा विटकी होती. मग कोट सुलटा धरून पाहिला. छातीवरचा खिसा उजवीकडे होता! महिनाभर साहेब तो घालून ऑफिसभर फिरले, पण साहेबांच्या छातीकडे मान वर करून बघायची कोणाची टाप होती?

दुसऱ्यांदा उलटवता येईना, म्हणून मी बाह्यांच्या कडा नव्याने दुमडल्या, कोपरं रफू केली, कॉलर तेवढी बदलली. चिठ्ठीत लिहिलं, 'साहेब, कापडाची बाजू संपली आहे. जमलं ते केलं आहे. कोणाला सांगणार नाही.' आणि आजपर्यंत सांगितलं नव्हतं.

साहेब दोन वर्षांनी बदलून गेले, पण तोवर त्यांच्या घरचे सगळे कपडे दुरुस्तीला माझ्याकडेच येत. बाबा हेडक्लार्क म्हणूनच निवृत्त झाले. दाढी मात्र ते शेवटपर्यंत डाव्या हाताने करत, आता उजव्याने जमत नाही म्हणत. आई ब्याऐंशी वर्षं जगली, पण त्या मुलाखतीनंतर तिने कोणालाही युक्ती सुचवली नाही. कोपऱ्यावरच्या शिंप्याने म्हातारपणी मला आपलं दुकान चालवायला दिलं. मी ते एकतीस वर्षं चालवलं. आत्याने नवे दात बसवले आणि त्या दातांनी माझ्या दुकानात बसून प्रत्येक गिऱ्हाइकाला पडद्याच्या झग्याची गोष्ट सांगितली.

बाबांच्या कोटातून आधी माझ्या थोरल्याचं जाकीट निघालं, मग धाकट्याची टोपी. उरला होता तो खिसा. त्यात लोकर भरून मी सुया टोचायची गादी केली. ती अजून मशीनवर आहे, उजव्या बाजूला.