उकळलेल्या विटा

"उकळल्यास?" दादाने पातेल्यात डोकावून विचारलं. "अगं, खेळण्यातल्या विटा उकळतं का कुणी? बाळंतपण होतं का विटांचं?"

"वीसच मिनिटं," छोटी म्हणाली.

पातेल्यातल्या लाल विटा धडधाकट होत्या. पांढऱ्यांनी मात्र मान टाकली होती. एकीची वरची, जोडायची बटणं आत गेली होती, दुसरी केळीच्या सालीसारखी वाकली होती.

छोटी एकसष्ट वर्षांची होती, तरी घरात अजून छोटीच. चौतीस वर्षं ती ऑपरेशन थिएटरात नर्स होती. नोकरी लागली तेव्हा कात्र्या-चिमटे असेच स्टोव्हवर उकळत, अगदी घड्याळ लावून. दादाने परवा तिच्याच कपाटातलं विटांचं खोकं काढून तिच्या हातात दिलं आणि म्हणाला, जरा स्वच्छ करून ठेव, प्रदर्शनात मांडायच्यात. स्वच्छ म्हटल्यावर तिच्या हातांनी दुसरा विचारच केला नाही.

'लाल छपराचं घर' असं त्या खोक्यावर लिहिलेलं होतं. पन्नास वर्षांपूर्वी वडिलांनी आणलेलं. प्लास्टिकच्या विटा, एक दार, तीन खिडक्या आणि घर कसं बांधायचं ते दाखवणारी चित्रांची पुस्तिका. आजवर एकही वीट हरवली नव्हती. वाचनालयात जुन्या खेळण्यांचं प्रदर्शन भरणार होतं आणि दादाला ते खोकं मधल्या टेबलावर हवं होतं.

"चुकलं माझं," ती म्हणाली. तिला खरंच वाईट वाटलं होतं.

"आता काय उपयोग! दे टाकून कचऱ्यात. पन्नास वर्षं सांभाळल्या मी."

"तुम्ही?" वहिनी कणीक मळता मळता म्हणाली. "खोकं तर ताईंच्या कपाटात होतं. तुम्हाला साधा स्वतःचा चष्मा सांभाळता येत नाही."

दादा पाय आपटत बाहेर गेला.

छोटीने विटा गाळून घेतल्या आणि पंच्यावर वाळत घातल्या. लाल, पांढऱ्या, मग मापाप्रमाणे. डोळे मिटूनही तिला माप कळे. लहानपणी दादा पालथा पडून घर बांधायचा आणि ती शेजारी ढीग घेऊन बसायची. "पांढरी, आठ बटणांची," असं म्हणून तो नुसता तळहात मागे करी. पुढे सर्जनही तसेच हात पुढे करत आणि ते मागायच्या आत चिमटा त्यांच्या हातात पडे. तिचं सगळ्यांनी कौतुक केलं. पण त्या घराची एक वीट तिने कधी बसवली नव्हती. "तू वाकडी बसवशील," असं म्हणून दादा तिचा हात झटकून टाकायचा.

त्या कपाटाच्या वर एक कागदही ठेवलेला होता. खऱ्या घराचा, दुरुस्तीचा नकाशा. घर वडिलांनी दोघांच्या नावावर केलेलं, म्हणून तिची सही हवी होती. दादाने खुणेला पेन्सिलची फुलीही करून ठेवली होती. हॉल मोठा करायचा होता. त्यासाठी पूर्वेची खोली, म्हणजे छोटीची, हॉलमध्ये जाणार होती. तिच्यासाठी जिन्याखाली जागा काढली होती. तिथे एक झरोका होता. तो मोरीच्या मोकळ्या जागेत उघडायचा.

"तुझी सोय केली आहे की नाही बघ," दादा म्हणाला होता. "आणि मोरीही हाताशी."

पूर्वेच्या खोलीत ती रोज पहाटे खिडकीशी बसे. थंडी असो की ताप, तो अर्धा तास चाळीस वर्षांत चुकला नव्हता. मागणं काही नसे. तिथे बसून नुसतं नाव घ्यायचं आणि उजाडताना बघायचं. खिडकी मात्र उंचावर होती. खाली बसलं की आभाळाची एक चिंधी तेवढी दिसे, आणि गुडघ्यांमुळे तेवढा वेळ उभं राहणं आता होत नव्हतं. जिन्याखाली तर ती चिंधीही नसती.

दुपारी घर झोपलं. तिने पुस्तिका उघडली, पहिलं पान बघितलं आणि बंद करून बाजूला ठेवली.

पहिली वीट तिने बोटांनी चाचपून बसवली. लाल विटांचा पाया तिने घातला आणि खऱ्या घरासारख्या खोल्या पाडल्या. खेळण्यातल्या घरात खोल्याच नव्हत्या, नुसत्या चार भिंती. छपराच्या निम्म्या विटा तिने आतल्या भिंतींना लावल्या. छपराविना चालतं, म्हटलं, भिंतीविना नाही. वाकलेल्या पांढऱ्या विटा एकीवर एक बसेनात. कानशीने घासून, बटणं कापून तिने त्या पूर्वेच्या बाजूला लावल्या. भिंतीला थोडं पोट आलं. मग खिडकी. चौकट जुन्या उंचीवर बसत होती. तिने खालच्या दोन ओळी उपटल्या, चौकटीचा तळ करवतीने कापला आणि खिडकी खाली आणली. चहाला उठलेल्या वहिनीने हे सगळं दारातून बघितलं.

"ते प्रदर्शनवाले बेशुद्ध पडतील हो ताई," ती हळूच म्हणाली. आणि मागच्या खोलीतला टेबल-दिवा आणून ठेवला.

रविवारी दहाला नकाशा काढणारे ड्राफ्ट्समन आले. पन्नाशीचे, जाड भिंगांचा चष्मा, काखेत गुंडाळी. दादाने नकाशा टेबलावर पसरला आणि पेन पुढे केलं.

"कर सही."

"नाही."

दादा हसला. "म्हणजे?"

"म्हणजे सही नाही करणार. माझी खोली तिथेच राहील." तिने आवाज चढवला नाही. तो चढवायची तिला सवय नव्हती. विटांचं घर उचलून तिने नकाशाच्या मधोमध ठेवलं. "हा माझा नकाशा."

"हे काय? माझ्या विटा कापल्यास? त्या प्रदर्शनात..."

"तू कचऱ्यात टाक म्हणाला होतास."

"मी काय तुझं वाईट चिंततो का गं?"

"वाईट नाही रे. तू चिंततच नाहीस. परस्पर आखून मोकळा होतोस आणि मला फुलीची जागा दाखवतोस."

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात आली, पण मधे पडली नाही.

"अशाने हॉल लहान राहील," दादा म्हणाला. "चार माणसं आली तर बसायची कुठे?"

"माझ्या खोलीत बसतील. उजाडल्यानंतर."

दादाने आधी ड्राफ्ट्समनकडे बघितलं, मग बायकोकडे.  त्याने खुर्ची मागे ढकलली आणि बाहेरच्या ओट्यावर जाऊन पाठमोरा बसला. तिला उठून त्याच्याजवळ जावंसं वाटलं. त्याचा रुसवा काढायची सवय जुनी होती. ती जागची हलली नाही.

ड्राफ्ट्समन चष्मा वर सारून घर न्याहाळत होते. "ही भिंत गोल घ्यायची आहे का?"

"नाही हो. ती उकळलेली आहे."

ते हसले नाहीत. त्यांनी वहीत काहीतरी आखलं आणि बोटाने खिडकी दाखवली. "आणि ही? पहिल्यापेक्षा खाली दिसते. जमिनीपासून किती उंची धरू?"

हा प्रश्न तिला आजवर कुणी विचारला नव्हता. तिच्याकडे आकडा नव्हता.

ती पूर्वेच्या खोलीत गेली. ड्राफ्ट्समन टेप घेऊन मागोमाग आले. भिंतीशी चटई होती, तिच्यावर ती रोजच्यासारखी मांडी घालून बसली. पाठ सरळ केली.

"इथून," ती म्हणाली.

त्यांनी गुडघा टेकला, टेपचं टोक जमिनीला लावलं आणि फीत तिच्या डोळ्यांपर्यंत वर नेली. ओट्यावरून खोकल्याचा आवाज आला, पण कुणी आत आलं नाही. ड्राफ्ट्समनने आकडा वाचला, पुन्हा एकदा वाचला. ती पापणी न लववता समोरच्या, खिडकीखालच्या कोऱ्या भिंतीकडे बघत बसून राहिली.