चौदा जागा

बायको दारातून हात हलवत होती आणि कानसेन तिच्याकडे न पाहता पेन्सिलीने लिहीत होते. कानांवर हेडफोन, समोर वही, डाव्या हाताची बोटे टेबलाच्या कडेवर ताल धरून. बायकोने आधी बाहेरच्या खोलीकडे बोट दाखवले, मग घड्याळाकडे, आणि शेवटी स्वतःच्याच कपाळावर हात मारून घेतला. तिच्याकडे तळहात करून कानसेनांनी तिला थोपवले आणि पुढची ओळ लिहायला घेतली.

नवे ध्वनिमुद्रण पहिल्यांदा ऐकताना मध्ये थांबायचे नाही, हा त्यांचा तीस वर्षांचा नेम होता. घराला आग लागली तरी कॅसेटची एक बाजू संपल्याशिवाय हे उठायचे नाहीत, असे बायको सांगत असे, आणि त्यात फारसे खोटे नव्हते.

बाहेर तिशीची एक बाई खुर्चीच्या अगदी कडेवर बसली होती. बायकोने तिला पाणी दिले, चहा दिला, ती चष्म्याच्या दुकानात लोकांची नजर तपासते हे बोलता बोलता काढून घेतले, आणि स्वतःचा चष्मा पदराने पुसून तिच्या हातात ठेवला.

"जवळचं सगळं दिसतं गं. पण यांची वही उघडली की नुसत्या मुंग्याच मुंग्या."

"मग तो नंबरचा दोष नाही, काकू. अक्षराचा असेल."

बायको इतकी हसली की आत कानसेनांना ते हेडफोनमधूनही ऐकू आले. त्यांनी वहीत वेळ लिहिली, मग हे हसणे आपल्याच घरातले आहे हे ध्यानात येऊन ती खोडली.

कानसेन धंद्याने कवळ्या बनवणारे. घरामागच्या खोलीत दिवसभर साचे, मेण आणि कानस. दातांच्या डॉक्टरांकडून ठसे येत आणि हे त्यातले जास्तीचे घासून घासून काढत. हातात कानस म्हणून कानसेन, असा बायकोचा विनोद. पण हे नाव दिले होते ते एका बँडच्या चाहत्यांनी. चार माणसांचा तो बँड मोडून जमाना झाला होता. पण ते जिथे जिथे वाजवायला उभे राहिले, तिथल्या गर्दीत कोणी ना कोणी कोटाखाली रेकॉर्डर लपवून उभा होता. त्या सगळ्या कॅसेटी कानसेनांनी जमवल्या होत्या, सहाशेच्या वर. प्रत्येक ऐकायची, गाण्यागणिक दहापैकी गुण द्यायचे, दोष मिनिट-सेकंदासह लिहायचे आणि मग चाहत्यांच्या पत्रकात, पुढे त्यांच्या संकेतस्थळावर, परीक्षण छापायचे. कानसेनांनी सहा दिले की ती कॅसेट सहाचीच. त्यावर कोणी वाद घालत नसे.

ते बाहेर आले तेव्हा त्या बाईने घडी घातलेला एक कागद उलगडून टेबलावर ठेवला.

"काका, हे तुम्हीच लिहिलंय ना?"

कानसेनांनी एका नजरेत ओळखले. सव्वीस वर्षांपूर्वीचा स्केटिंग हॉलमधला कार्यक्रम. खाली नेहमीसारखे: 'मुद्रण: क्रेनवाला. ध्वनी: नऊ. पुलाच्या गाण्यात गिटार एकटी वाजते त्या हळुवार भागात मुद्रण करणारा इसम सारखा स्वतःशीच बडबडत होता. अशा चौदा जागा मी दुसऱ्या दिवशीच्या मुद्रणातले तुकडे बसवून स्वच्छ केल्या आहेत. जुनी प्रत कोणाकडे असल्यास कृपया पुसून टाकावी, म्हणजे घोळ राहणार नाही.'

"ते काम वर्षभर चाललं होतं," कानसेन म्हणाले. आवाजात नकळत कौतुक उतरले. "सांधा कुठे आहे ते अजून कुणाला सापडलेलं नाही."

"क्रेनवाला म्हणजे माझे बाबा. बांधकामावर क्रेन चालवायचे." तिचे बोट 'बडबडत' या शब्दावर जरा टेकले आणि बाजूला झाले. "मी सहा वर्षांची असताना गेले. घरात फोटो खूप आहेत. आवाज कुठेच नाही. आईला विचारलं तर म्हणते, हळू बोलायचे. हळू म्हणजे कसं, ते तिलाही सांगता येत नाही."

कानसेनांनी कागदाची घडी बोटाने सपाट केली.

"मला गाणं नकोय, काका. तुम्ही जे काढून टाकलंत ना, तेवढंच हवंय."

स्वयंपाकघराच्या दारात बायको रिकाम्या कपांचा ट्रे घेऊन उभी राहिली होती. ती हलली नाही.

"बघावं लागेल," कानसेन म्हणाले. "मूळ कॅसेट माझ्याकडेच आली होती. माळ्यावर असेल कुठेतरी. रविवारी ये."

ती उठली. पाया पडू की नको अशी क्षणभर घुटमळली आणि नुसते हात जोडून गेली. दार लागल्यावर बायकोने ट्रे खाली ठेवला.

"माळ्यावर काय आहे हो?"

"काही नाही."

"मग?"

"इतक्या आशेने आलेली पोर. तोंडावर नाही कसं म्हणू?"

"मला रोज म्हणता की."

मूळ कॅसेट त्यांनी स्वतःच्या हाताने कोरी केली होती. त्यावर दुसरे काही भरायचे होते असेही नाही. एका कार्यक्रमाच्या दोन प्रती फिरू नयेत, फिरावी ती निर्दोष, एवढेच तेव्हा मनात होते. लोकांना पुसा म्हणून सांगायचे आणि स्वतः ठेवायची, हे त्यांच्या सचोटीत बसले नव्हते. बटण दाबून ते पंचेचाळीस मिनिटे समोर बसून राहिले होते, आणि उठताना त्यांना हलके वाटले होते.

त्या आठवड्यात कवळ्या मागे पडल्या. जुन्या मंडळींपैकी ज्यांच्याकडे पहिली प्रत गेली होती असे तिघे हयात होते. निवृत्त पोस्टमनने तासाभराने उलटा फोन केला: पुसली होती, तारीखसुद्धा लिहून ठेवली होती. ड्रॉइंगच्या मास्तरांनी तर रागच धरला.

"तू सांगितल्यावर मी ठेवीन? ओळखलं नाहीस तू मला."

शेवटचा बेकरीवाला. त्याच्या मागे भट्टीचे पत्रे आदळत होते, त्यामुळे तो ओरडून बोलत होता.

"त्याच दिवशी पुसली! तुझा शब्द कधी खाली पडू दिलाय का आम्ही?"

"नाही रे. तसं नाही."

"खरं सांगू का, मला आवडायचा तो माणूस. गिटार वाजतेय आणि मधेच हा काहीतरी विचारतोय. मजा वाटायची. पण म्हटलं, कानसेनला आपल्यापेक्षा कळतं."

कानसेनांनी फोन ठेवला आणि बराच वेळ हातातल्या साच्याची कड बोटाने चाचपत राहिले.

शनिवारी दुपारी त्यांनी त्या वर्षाच्या वह्या खाली काढल्या. कापायच्या आधी सगळे दोष टिपून घ्यायची त्यांची पद्धत होती. तसे या कॅसेटचेही टिपलेले सापडले. एकाखाली एक चौदा नोंदी. मिनिट, सेकंद, तो माणूस काय बोलला ते शब्द न् शब्द, आणि पुढे कंसात यांचा शेरा. पहिले दोन शेरे वाचूनच कानसेनांच्या कानांच्या पाळ्या तापल्या.

त्यांनी कोरा जाड कागद घेतला, चांगले पेन घेतले आणि नोंदी उतरवायला बसले. फक्त शब्द. शेरे गाळून. मुद्दाम सावकाश, टपोऱ्या अक्षरात. सातवी नोंद झाली तेव्हा बायको मागे येऊन उभी राहिली. तिने आधी कागद वाचला, मग चष्मा नाकावर खाली ओढून वही वाचायचा प्रयत्न केला.

"मोत्यासारखं अक्षर काढलंय हो. हे कोण बोललं?"

"तिचा बाप."

"आणि वहीत हे कंसातलं?"

"ते मी."

"मग इथून तुम्ही कुठे गेलात?"

तिने विचारले ते सहज, आणि ती वाळलेले कपडे काढायला गेलीही. कानसेनांनी कागद उजेडात धरून पाहिला. एकही डाग नव्हता. सांधा कुठे आहे ते कुणालाही सापडले नसते. त्यांनी पेनाला टोपण लावले.

रविवारी सकाळी ती आली तेव्हा तिने एक छोटे यंत्र बरोबर आणले होते, आवाज उतरवून घ्यायला. ती बसायच्या आतच कानसेन म्हणाले,

"कॅसेट नाही. हरवली नाही, खराबही झाली नाही. मी पुसली. ज्यांच्याकडे होती त्यांना मीच पुसायला लावली. तुझे बाबा जगात कुठेच शिल्लक नाहीत, आणि ते माझ्यामुळे."

तिने यंत्र पुन्हा पर्समध्ये ठेवले. चेन लावायला तिला दोनदा ओढावी लागली.

"त्या दिवशीच माहीत होतं तुम्हाला?"

"होतं."

स्वयंपाकघरात नळ वाहत होता. कानसेनांनी वही तिच्यापुढे सरकवली.

"काढायच्या आधी लिहून घेतलं होतं. सगळं आहे. मी जे लिहिलंय तेही आहे. ते वाचून तुला माझं तोंड बघावंसं वाटणार नाही."

तिने वही पाहिली, पानावरून बोट फिरवले, आणि वळवून परत त्यांच्याकडे ढकलली.

"तुम्ही वाचा. त्यांना ऐकलंय ते तुम्हीच."

कानसेनांनी घसा साफ केला.

"दोन मिनिटं दहा सेकंद. 'फार मोठा आहे का आवाज? कान झाकू?'" ते थांबले. "कंसात आहे... 'आधी याचे तोंड झाकावे.'"

"वाचा."

"तीन चाळीस. 'डोळे मिटलेत बघ त्याने. झोपला नाही हां, वाजवतोय.' कंसात, 'आम्हाला दिसतेय, धन्यवाद.'"

तिच्या ओठांचा एक कोपरा हलला. हसू होते की काय, ते त्यांना कळले नाही.

"चार पाच. 'ही जाड तार. ही बारीक. बारीक आवडली?' कंसात..." कानसेनांनी वही डोळ्यांजवळ घेतली, जरी शब्द त्यांना पाठ होते. "'उत्तर कोणीच देत नाही. सोबत कोणी नाही. वेडसर दिसतो.'"

आता वर बघणे त्यांना जमेना.

"एकटे नव्हते ते," ती म्हणाली. "मी होते खांद्यावर."

"मूल असेल हे मनातच आलं नाही. मूल असतं तर काहीतरी बोललं असतं. हूं की चूं."

"मी बोलतच नव्हते, काका. पाच वर्षांची होईपर्यंत एक शब्द नाही. डॉक्टरांनी बाबांना सांगितलं होतं, दिसेल ते तिला सांगत राहा. विचारत राहा. आणि विचारलं की थांबा. उत्तर येणार नाही, तरी थांबा." तिने पर्स बाजूला ठेवली. "आई म्हणते, लोक हसायचे त्यांना. बसमध्ये, दुकानात. तरी सोडलं नाही त्यांनी."

कानसेनांनी वही मांडीवर ठेवली. सव्वीस वर्षांपूर्वीचे ते काम त्यांना हातांत आठवत होते. प्रत्येक प्रश्नामागे एक मोकळी जागा होती. त्या जागेतच त्यांनी काप घेतला होता. ती जागा होती म्हणूनच सांधा इतका बेमालूम बसला होता.

"थांबायचे ते," ते म्हणाले. "दर वेळी."

"किती?"

"तीन सेकंद. कधी जरा जास्त. मोजलेत मी."

आतला नळ बंद झाला. तिने दोन्ही हात मांडीवर एकमेकांत गुंतवले.

"पुढचं वाचा."

"चार एकावन्न," कानसेन म्हणाले. मग त्यांनी आवाज खाली आणला, आपोआप, जसा तो त्या गर्दीत गिटारच्या खालून आला होता तसा. "'घरी जायचं? की थांबायचं अजून?'"

कंसात काय होते ते त्यांनी वाचले नाही. ते थांबले.

ती समोरच्या भिंतीकडे पाहत होती. एक सेकंद गेला, दुसरा गेला. मग तिने, तोंडातून शब्द न काढता, मान हलवली. नाही, घरी नाही.